खाडीवर भरतीची वीज बनवायची की नाही? प्रकल्प तपासायच्या ७ कसोट्या, सोप्या मराठीत

"समुद्र दिवसातून दोनदा वर-खाली होतो, त्यातून फुकट वीज मिळते, मग आपलं सरकार ती का बनवत नाही?" अशा अर्थाचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. प्रश्न चांगला आहे. पण उत्तर "हो" किंवा "नाही" एवढ्यात संपत नाही. एखाद्या खाडीवर असा प्रकल्प बांधावा की नाही हे ठरवायची एक पद्धत असते, आणि ती बऱ्यापैकी तुमच्या-माझ्या आवाक्यातली आहे. कॅल्क्युलेटर आणि नकाशाचं ॲप असलं तरी पहिला अंदाज निघतो.

मी भंडाऱ्याचा. आमच्यापासून जवळचा समुद्रसुद्धा पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. मग भरतीवर मी का लिहितोय? कारण पाणी अडवून फायदा घेण्याचा हिशोब कसा मांडला जातो आणि तो पुढे कसा बदलत जातो, हे गोसीखुर्दमुळे आमच्या जिल्ह्याने जवळून पाहिलंय. खाडीवरच्या बांधाचे बरेचसे प्रश्न तेच आहेत. म्हणून या लेखात जिथे गरज पडेल तिथे मी वैनगंगेचं उदाहरण देणार आहे.

थोडक्यात सांगायचं तर

- भरतीची वीज खरी आहे. फ्रान्समध्ये ती १९६६ पासून बनते.
- भारतात आज एकही भरती-वीज प्रकल्प चालू नाही.
- भरती आणि ओहोटीच्या पातळीत किती फरक पडतो, यावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं.
- कोकणातल्या बहुतेक खाड्यांत हा फरक कमी पडतो.
- गाळ, मासेमारी, खारफुटी आणि खर्च हे प्रश्न वीज किती मिळेल याच्या इतकेच महत्त्वाचे आहेत.

भरतीपासून वीज बनते कशी?

तीन मुख्य प्रकार आहेत.

पहिला प्रकार: खाडीच्या तोंडावर बांध. खाडीचं तोंड भिंतीने बंद करायचं, भिंतीत दरवाजे आणि टर्बाइन बसवायचे. भरतीला दरवाजे उघडून पाणी आत घ्यायचं, मग दरवाजे बंद करायचे. बाहेर ओहोटी लागली की आतलं पाणी उंच आणि बाहेरचं खाली राहतं. हे अडवलेलं पाणी टर्बाइनमधून सोडलं की वीज तयार होते. म्हणजे हे एक धरणच, फक्त ते नदी नाही तर समुद्र भरतो.

दुसरा प्रकार: कृत्रिम तळं. पूर्ण खाडी बंद न करता किनाऱ्यालगत गोलाकार भिंत बांधून तळं तयार करायचं. तत्त्व तेच, पण नदीचं मुख मोकळं राहतं.

तिसरा प्रकार: प्रवाहातली टर्बाइन. भिंत बांधायचीच नाही. जिथे भरतीचं पाणी अरुंद जागेतून जोरात वाहतं तिथे पाण्याखाली पवनचक्कीसारखी टर्बाइन बसवायची. स्कॉटलंडमधला मेजेन प्रकल्प असा आहे. तिथे दीड मेगावॉटची चार टर्बाइन समुद्राच्या तळाशी आहेत.

तिसऱ्या प्रकारात एक गोष्ट लक्षात ठेवा. वाहत्या पाण्यातली ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्यात दर चौरस मीटरला साधारण ५०० वॉट असतात, तर अडीच मीटर वेगाला ८,००० वॉट. त्यामुळे "आमच्या खाडीत पाणी वाहतं" एवढं पुरत नाही, ते किती वेगाने वाहतं हे मोजावं लागतं.

जगात हे कुठे चाललंय?

- ला रान्स, फ्रान्स: १९६६, क्षमता २४० मेगावॉट. १० मेगावॉटची २४ टर्बाइन. वर्षाला साधारण ५० कोटी युनिट.
- सिहवा, दक्षिण कोरिया: २०११, क्षमता २५४ मेगावॉट. जगातला सर्वांत मोठा.
- ॲनापोलिस, कॅनडा: १९८४, क्षमता २० मेगावॉट. २०१९ मध्ये बंद.
- सेव्हर्न, ब्रिटन: अनेक दशकं चर्चा. ८,००० मेगावॉटहून मोठ्या बांधाचा प्रस्ताव, पण २०१० मध्ये सरकारने नको म्हटलं.
- स्वान्झी, ब्रिटन: ३२० मेगावॉटचं कृत्रिम तळं, अंदाजे खर्च १३० कोटी पाउंड. २०१८ मध्ये सरकारने पाठिंबा नाकारला.

बघा, यादीत मोठे आणि चालू असलेले दोनच आहेत, आणि त्या दोघांमध्ये ४५ वर्षांचं अंतर आहे. तंत्रज्ञान नवीन नाही, त्यामुळे "अजून शोध लागायचाय" हे कारण नाही. खरं कारण पुढच्या कसोट्यांमध्ये सापडतं.

कसोटी १: भरती-ओहोटीत फरक किती?

सगळ्यात आधी हाच आकडा बघायचा. बांधाच्या प्रकल्पासाठी सरासरी फरक साधारण ५ मीटर तरी हवा असं मानलं जातं. ला रान्सला तो सरासरी ८.२ मीटर आहे.

आता एक सापळा. पावसाळ्यात बातम्यांमध्ये "मुंबईत आज ४.७ मीटरची भरती" असं येतं. हा आकडा म्हणजे फरक नाही. एका ठरलेल्या शून्य पातळीपासून पाणी किती वर जाणार, ते हा आकडा सांगतो. फरक काढायचा तर त्याच दिवसाची ओहोटीची पातळी त्यातून वजा करा. भरती ४.७ आणि ओहोटी १.२ असेल तर फरक साडेतीन मीटर.

शिवाय हा फरक रोज सारखा नसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा तो मोठा असतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. कोकणातल्या कोळी लोकांना हे तोंडपाठ असतं. आम्ही पावसाळ्यात कारधा पुलावरची वैनगंगेची पातळी जशी बघतो, तसे ते तिथी बघतात. प्रकल्पवाले उधाणाचा आकडा दाखवत असतील तर वर्षभराची सरासरी मागा.

कसोटी २: किती युनिट मिळतील?

इथे कॅल्क्युलेटर काढा. सूत्र असं आहे:

एका भरतीत साठणारी ऊर्जा (युनिट) = १,४०० × क्षेत्रफळ (चौरस किलोमीटर) × फरक × फरक

फरक दोनदा का गुणला? कारण फरक वाढला की आत साठणारं पाणीही वाढतं आणि ते पाणी पडण्याची उंचीही वाढते. दोन्हीकडून फायदा. त्यामुळे फरक अर्धा झाला की वीज अर्धी नाही, तर पाव होते. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी या विषयावरचे अर्धे दावे तुम्हाला तपासता येतील.

भरती साधारण दर १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे वर्षाला सुमारे ७०६ वेळा. आणि सगळी ऊर्जा काही हाती लागत नाही. ला रान्सवर हिशोब करून बघू. क्षेत्रफळ २२ चौरस किलोमीटर, फरक ८.२ मीटर. सूत्राने एका भरतीला साधारण २० लाख युनिट, वर्षाला १४५ कोटींच्या आसपास. प्रत्यक्षात मिळतात ५० कोटी. म्हणजे सुमारे एक तृतीयांश. पहिल्या अंदाजासाठी हाच भाग धरा.

सगळं एकत्र केलं की सोपं सूत्र मिळतं:

वर्षाची वीज (लाख युनिट) = ३.३ × क्षेत्रफळ × फरक × फरक

क्षेत्रफळ गूगल अर्थवर खाडीभोवती रेघ ओढून मोजता येतं. फरक कुठल्याही चांगल्या भरती-ओहोटी ॲपमधून महिनाभराच्या आकड्यांची सरासरी काढून मिळतो. हा ढोबळ अंदाज आहे, अभियंत्यांचा अहवाल नव्हे. पण दहापट फुगवलेला दावा पकडायला पुरेसा आहे.

कसोटी ३: वीज केव्हा मिळणार?

भरतीच्या विजेचा मोठा गुण म्हणजे ती आधीच सांगता येते. उद्या ऊन पडेल का, वारा सुटेल का, हे नक्की नसतं. पण दहा वर्षांनंतरच्या एखाद्या दिवशी भरती किती वाजता येईल हे आज काढता येतं. ग्रिड सांभाळणाऱ्यांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

पण वेळ कळणं वेगळं आणि हवी तेव्हा मिळणं वेगळं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आपल्याकडे विजेची मोठी मागणी संध्याकाळी असते. एखाद्या आठवड्यात वीज बरोबर संध्याकाळी सातला मिळेल, तर पुढच्या आठवड्यात पहाटे. शिवाय वीज काही तास मिळते, मग खंड पडतो. ला रान्स पूर्ण क्षमतेने वर्षभर चालला असता तर जेवढी वीज झाली असती, त्याच्या साधारण २४ टक्केच प्रत्यक्षात होते. म्हणून "अमुक मेगावॉट" ऐकलं की लगेच विचारा: वर्षाला युनिट किती?

कसोटी ४: गाळाचं काय?

नदी वाहती असते तोवर गाळ पुढे नेते. पाणी थांबलं की गाळ खाली बसतो. भंडाऱ्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या जुन्या मामा तलावांतला गाळ काढायची मागणी दरवर्षी होते.

खाडीत गाळ दोन्हीकडून येतो, नदीकडून आणि समुद्राकडून. बांध घातला की आतल्या पाण्याचा वेग कमी होतो आणि गाळ साठू लागतो. गाळ साठला की साठवण कमी होते, म्हणजे वीज कमी होते. बंदर असेल तर गाळ उपसण्याचा खर्च वाढतो. गुजरातमधल्या खंभातच्या आखातात साबरमती, मही, नर्मदा या नद्या येतात आणि तिथलं पाणी कायम गढूळ असतं. भरती तिथे उत्तम आहे, पण गाळही तेवढाच.

कसोटी ५: पाणी आणि पाण्यातलं जग

ला रान्स बांधताना सुमारे तीन वर्षं खाडीचं तोंड पूर्ण बंद ठेवलं होतं. आतली बरीचशी सागरी जीवसृष्टी संपली. प्रकल्प सुरू झाल्यावर ती परत यायला दहाएक वर्षं लागली, आणि परत आली ती आधीसारखी नाही. काही मासे गेले, काही नवे स्थिरावले.

कॅनडाच्या ॲनापोलिसमध्ये टर्बाइनमधून जाताना मासे मरत होते. २००४ मध्ये तर एक देवमासा दरवाजातून आत शिरून अडकला होता. माशांचा प्रश्न अखेरपर्यंत सुटला नाही.

आता उलटं उदाहरण. कोरियात सिहवाला १९९४ मध्ये समुद्रात १२.७ किलोमीटरची भिंत बांधून गोड्या पाण्याचा तलाव करायचं ठरलं. आसपासच्या कारखान्यांचं आणि वस्त्यांचं सांडपाणी त्यात साचलं आणि तलाव सडला. शेवटी समुद्राचं पाणी पुन्हा आत-बाहेर खेळवायचं ठरलं, आणि त्यासाठी त्याच भिंतीत टर्बाइन बसवली. म्हणजे जगातला सर्वांत मोठा भरती-वीज प्रकल्प हा खरं तर एक बिघडलेलं पाणी सुधारण्याचा उपाय आहे. भिंत आधीच होती, म्हणून खर्चही आवाक्यात राहिला.

हे वाचताना मला नाग नदी आठवते. नागपूरचं सांडपाणी घेऊन ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसीखुर्दच्या फुगवट्यात येऊन थांबतं. वाहत्या नदीत जे पुढे निघून जायचं, ते थांबलेल्या पाण्यात साचतं. मुंबई-ठाण्याच्या खाडीत किती सांडपाणी येतं याचा विचार करा आणि मग तिथे बांध घालण्याची कल्पना करून बघा.

कसोटी ६: माणसांचं काय?

खाडी नकाशावर रिकामी निळी जागा दिसते. प्रत्यक्षात तिथे होड्या असतात, जाळी असतात, ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलात शिंपल्या, खेकडे गोळा करणाऱ्या बायका असतात. या माणसांचा सातबारा खाडीवर नसतो. त्यामुळे भरपाईच्या यादीत त्यांचं नाव येणं फार अवघड असतं.

आमच्याकडे वैनगंगेवर मासेमारी करणारा ढिवर समाज आहे. जमीन गेली तर मोजता येते, घर गेलं तर मोजता येतं. पण वाहत्या नदीत मासे धरायची जागा गेली तर ती कोणत्या रकान्यात लिहायची? हा प्रश्न खाडीतल्या कोळ्यांसाठीही तसाच उभा राहतो. म्हणून प्रकल्पाचा अहवाल बघताना "बाधित कुटुंबं" या आकड्याखाली कोणाला धरलंय ते आधी वाचा.

कोकणात आणखी एक गुंता आहे. खाडीकाठी खारभूमी आहे, तिथे बांध घालून आणि उघाड्या बसवून खारं पाणी शेतात येऊ देत नाहीत. खाडीतल्या पाण्याची सरासरी पातळी बदलली की हे सगळं गणित बिघडतं. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जायलाच वाव राहिला नाही तर पावसाळ्यात शेत तुंबणार.

कसोटी ७: पैसा आणि वेळ

गोसीखुर्दचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झालं. मूळ अंदाज होता ३७२ कोटी रुपये. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. सुधारित खर्च १८ हजार कोटींच्या वर गेला. भंडारा, नागपूर, चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टर सिंचनाचं उद्दिष्ट होतं. ३३ दरवाज्यांचं धरण उभं राहिलं, पण कालवे आणि पुनर्वसन वर्षानुवर्षं रेंगाळलं. मी धरणाच्या विरोधात आहे असं नाही. पाणी पोचलंय तिथे धानाला फायदा झालाच आहे. मुद्दा एवढाच की पहिल्या पानावरचा खर्च आणि तारीख या दोन्हींवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

भरतीच्या बांधाला हे जास्तच लागू होतं. खर्च जवळजवळ सगळा सुरुवातीला होतो. इंधन फुकट असलं तरी काँक्रीट फुकट नसतं. शिवाय उंची कमी असल्याने यंत्रं मोठी लागतात. गोसीखुर्दची उंची २२ मीटरच्या आसपास आहे. खाडीत पाणी पडणार तीन-पाच मीटरवरून. तेवढीच वीज काढायची तर कितीतरी पट जास्त पाणी टर्बाइनमधून न्यावं लागतं, म्हणून टर्बाइन मोठी आणि संख्येनेही जास्त. त्यात खारं पाणी, गंज आणि शेवाळ.

बाजू दुसरीही आहे. असा बांध एकदा झाला की शंभर वर्षं टिकू शकतो. ला रान्सच्या बांधावरून रस्ताही गेलाय, त्याचा फायदा वेगळा. त्यामुळे हिशोब वीस वर्षांचा धरला की शंभर वर्षांचा, यावर उत्तर बदलतं.

भारतात आजवर काय झालं?

आपल्याकडे चांगल्या जागा तीन मानल्या जातात:

- खंभातचं आखात: सरासरी फरक ६.७७ मीटर, जास्तीत जास्त ११ मीटर
- कच्छचं आखात: सरासरी ५.२३ मीटर, जास्तीत जास्त ८ मीटर
- सुंदरबन, पश्चिम बंगाल: सरासरी २.९७ मीटर, जास्तीत जास्त ५ मीटर

कच्छमध्ये ५० मेगावॉटचा प्रकल्प २०११ मध्ये जाहीर झाला. अंदाजे खर्च ७५३ कोटी, म्हणजे मेगावॉटला १५ कोटी. सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवर ३.७५ मेगावॉटचा छोटा प्रकल्प ठरला होता. त्याचा खर्च २३८ कोटींवर गेला, म्हणजे मेगावॉटला साधारण ६३ कोटी. दोन्ही खर्चापायी सोडून दिले गेले. तुलनेसाठी, सौर प्रकल्पाला मेगावॉटमागे चार-पाच कोटी लागतात.

खंभातची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या 'कल्पसर' योजनेची कल्पना १९८० च्या दशकात डॉ. अनिल काणे यांनी मांडली. भरतीची वीज हा तिचा मोठा भाग होता. पुढे गोड्या पाण्याचा साठा हा मुख्य हेतू बनला. इथे एक अडचण नीट समजून घ्या: गोडं पाणी साठवायचं तर समुद्राला बाहेर ठेवावं लागतं, आणि भरतीची वीज हवी तर समुद्राला आत घ्यावं लागतं. एकाच तळ्यात दोन्ही जमत नाही.

मग महाराष्ट्रात?

कोकणात दक्षिणेकडे जावं तसा फरक कमी होतो. मुंबईजवळ उधाणाला चार-पाच मीटरपर्यंत जातो, रत्नागिरी-मालवणकडे दोन-अडीच मीटरच्या आसपास येतो. आपण एक काल्पनिक खाडी घेऊ: क्षेत्रफळ १० चौरस किलोमीटर, सरासरी फरक २.२ मीटर.

३.३ × १० × २.२ × २.२ = साधारण १६० लाख, म्हणजे १ कोटी ६० लाख युनिट वर्षाला.

महिन्याला १०० युनिट वापरणारी साधारण १३ हजार घरं यावर चालतील. आकडा वाईट नाही. पण आता समोर सौर ठेवा. महाराष्ट्रात १ मेगावॉट सौर प्रकल्प वर्षाला साधारण १५ लाख युनिट देतो. म्हणजे ११ मेगावॉट सौर पुरेल. त्याला साधारण ५०-५५ एकर जागा आणि ५० कोटींच्या आसपास खर्च. खाडीचे १० चौरस किलोमीटर म्हणजे जवळपास अडीच हजार एकर पाणी. सौर रात्री चालत नाही, बॅटरीचा खर्च वाढवावा लागेल, हे मान्य. तो दुप्पट धरला तरी १०० कोटींत खाडीचं तोंड बंद करणारा बांध, दरवाजे आणि टर्बाइन होणं अवघड आहे.

मुंबई-ठाण्याकडे फरक जास्त आहे, पण तिथे बंदरं आहेत, सांडपाणी आहे आणि ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला. फ्लेमिंगो ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर जगतात. बांधामुळे पाणी आत थांबलं की तो चिखल बराच वेळ पाण्याखालीच राहील.

आमच्या वैनगंगेच्या तोंडाशी वीज होईल का? वैनगंगा वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रात समुद्राला. त्या किनाऱ्यावर उधाणालासुद्धा फरक दीड मीटरच्या आसपास असतो. १.५ × १.५ म्हणजे २.२५. ला रान्सचे ८.२ × ८.२ म्हणजे ६७. सारख्याच क्षेत्रफळातून तीस पट कमी. इथे हिशोब पहिल्याच कसोटीला थांबतो.

कायद्याने काय लागतं?

खाडीवर काही बांधायचं तर किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची मंजुरी लागते. पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी हाही या प्रक्रियेचा भाग आहे. खारफुटी तोडायची असेल तर महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. २०१८ च्या निकालात न्यायालयाने खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्काशी जोडला आहे. प्रकल्पांचे अर्ज केंद्राच्या परिवेश पोर्टलवर फोनवरूनही बघता येतात.

जनसुनावणीत विचारता येतील असे पाच प्रश्न सेव्ह करून ठेवा:

१. वर्षभराचा सरासरी फरक किती, आणि तो किती महिने मोजला?
२. वर्षाला युनिट किती, आणि एका युनिटचा दर किती?
३. वीस वर्षांत गाळ किती साठेल, आणि तो कोण काढणार?
४. जमीन नसलेल्या मच्छीमारांना बाधित धरलंय का?
५. तेवढीच वीज दुसऱ्या मार्गाने केली तर खर्च किती?

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भरतीच्या लाटा आणि समुद्राच्या लाटा एकच का?
नाही. भरती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते, लाटा वाऱ्याने. लाटांपासूनही वीज करता येते. केरळमध्ये विळिंजमला १९९१ मध्ये १५० किलोवॉटचं प्रायोगिक केंद्र उभं राहिलं होतं. आता ते बंद आहे.

गोसीखुर्दसारख्या धरणात भरती येते का?
जाणवण्याइतकी येत नाही. धरणातली पातळी पाऊस, वरून येणारं पाणी आणि दरवाजे यांनी बदलते.

भरतीची वीज प्रदूषणमुक्त आहे का?
धूर नाही, हे खरं. पण खाडी बदलते. धूर नाही म्हणजे नुकसान नाही, असं होत नाही.

मग ही वीज नकोच का?
तसं नाही. जिथे फरक पाच मीटरच्या वर आहे, गाळ कमी आहे, किंवा सिहवासारखी भिंत आधीच उभी आहे, तिथे विचार जरूर व्हावा. प्रवाहातली टर्बाइन स्वस्त झाली तर भिंतीशिवायही काही जागा जमू शकतात.

माझं मत विचाराल तर कोकणातल्या लहान खाड्यांवर बांध घालण्याचा हिशोब आज बसत नाही. कच्छ-खंभातच्या अरुंद, जोरकस प्रवाहांमध्ये छोटे प्रयोग मात्र करून बघायला हवेत, कारण मोजल्याशिवाय कळत नाही. पण माझ्या मतापेक्षा सूत्र तुमच्याकडे आहे हे महत्त्वाचं. तुमच्या ओळखीची एखादी खाडी घ्या, नकाशावर मोजा, महिनाभराच्या भरती-ओहोटीची सरासरी काढा आणि आकडा काय येतो ते बघा. पुढच्या वेळी "फुकट वीज" असा व्हिडिओ आला तर फॉरवर्ड करण्याआधी दोन मिनिटं हा हिशोब करा.